पट्टा पुरला नाही

पट्टा पुरला नाही. सिस्टरनं तो माझ्या पाठीखालून सरकवला, दोन्ही बाजूंनी पोटावर आणला, टोकं एकमेकांकडे ओढली, आणि मध्ये चांगली वीतभर जागा उरली. मी छताकडे बघत होते. असल्या वेळी छताकडे बघायचं हे मी शाळेतच शिकले होते. छताला आपल्याबद्दल काही म्हणायचं नसतं. "माफ करा हं," मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडात इतके बसलेत की रिकाम्या लिफ्टमध्ये शिरतानाही निघून जातात. सिस्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कशाबद्दल? पट्टा तू शिवलास का?" असं म्हणून ती दुसरा पट्टा घेऊन आली, दोन्ही जोडून तिनं ते माझ्याभोवती आवळले, आणि गार जेल लावलेली ती चपटी चकती पोटावर बसवली. जरा खरखर झाली आणि खोलीत टापा वाजायला लागल्या. टपटप, टपटप, कुणी तरी जिवाच्या आकांतानं पळतंय असा आवाज. खिडकीशी उभा असलेला माझा नवरा एकदम ताठ झाला. हाच तो ठोका, माझ्या बाळाचा, आणि दिवसभर ह्याच्यावर सगळ्यांनी कान ठेवायचा होता, कारण कळा आणण्याचं औषध लावलं होतं आणि कळ आली की बाळाचा जीव दमतोय का ते ह्या एका आवाजावरून कळणार होतं. पहिली कळ आली, मी जराशी कुशीवर झाले, पोट माझ्याबरोबर निघालं, चकती निसटली आणि टापा बंद. सिस्टरनं चकती जागेवर ढकलली, टापा आल्या. पुढच्या कळेला पुन्हा गेल्या. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिनं पायानं स्टूल ओढलं, पलंगाला गुडघे टेकून बसली आणि पट्टे सोडून बाजूला टाकले. "डोकं अजून वर आहे. खाली आलं की आतूनच बाळाच्या डोक्याला तार लावतील डॉक्टर. तोवर मी हातानंच धरते," ती म्हणाली, जणू काही कुणाची पिशवी धरायची होती.

ती ज्या स्टुलावर बसली होती त्याचा एक पाय किंचित आखूड होता. हे मी कळा सोसतानाही पाहिलं, कारण मी खुर्च्यांची माणूस आहे. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, सगळं उसवून नव्यानं भरून द्यायचं हा आमचा धंदा. आधी बाबांचा, बाबा गेल्यावर माझा. कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी बैठकीकडे जाते. निम्मी धंद्यापायी जाते, आणि निम्मी ही आपल्याला पेलेल का म्हणून जाते. शाळेत मला सगळे गादी म्हणायचे. गादीवाल्याची गादी. आमच्या वर्गातल्या लांब बाकाची फळी मधे जरा खचलेली होती, आणि मी बसले की शेजारची मुलगी माझ्याकडे घसरायची. मग घसरल्याचं नाटक करायला पोरांची चढाओढ लागे. एकजण घसरून माझ्या अंगावर यायचा, "आईगं, दरडच कोसळली" म्हणून ओरडायचा, आणि वर्ग हसून लोळायचा. मीही हसायचे, हसलं की लवकर संपतं. बाबांच्या दुकानात मात्र उलटा कारभार होता. खुर्ची तयार झाली की बाबा गिऱ्हाइकासमोर मला हाक मारायचे. "बस गं जरा." मी बसायचे. "आता जरा आपट." मी आपटायचे. "माझी पोर बसली आणि कुरकुरली नाही, म्हणजे तुमच्या नातवंडांना पुरेल," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. कितीतरी वर्षं मला ह्याची लाज वाटत असे. त्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या वाटलं, अख्ख्या गावात माझं वजन कुणाच्या कामाला आलं असेल तर बाबांच्या, आणि ते त्यांनी उघडपणे, अभिमानानं वापरलं.

ह्या वजनाची खरी मालकीण मात्र बाहेर कॉरिडॉरमध्ये बसली होती. माझी आई. ती अजूनही इतकी बारीक आहे की घड्याळाचा पट्टा तिला कोपरापर्यंत चढतो. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्या दिवसांत तिच्या पोटात अन्नच ठरत नव्हतं, अंगात रक्त नव्हतं, आणि ते पोर वेळेच्या खूप आधी आलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेलं. तिला डॉक्टर म्हणाले होते, "बाई, तुमचं वजनच नाही, मूल कुठून धरणार?" हे वाक्य तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं, धुतलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देताना, आणि मग आम्ही दोघींनी चादर झटकली. नंतर मी झाले, तीही मूठभर, काचेच्या पेटीत ठेवलेली. मी जगले, आणि त्या दिवसापासून आईनं माझ्यात वजन भरायला सुरुवात केली. दुधावरची साय माझी, अंड्यातलं पिवळं माझं, ताटातला शेवटचा घास माझा. मी ढेकर दिली तरी ती म्हणायची, "अजून एक, माझ्यासाठी." शेजारणी म्हणायच्या, अहो आता पुरे करा, पोरगी दारात मावायची नाही. आई म्हणायची, "दार मोठं करू." लोकांच्या मुलींना आयांकडून दागिने मिळतात. मला आईची भीती मिळाली आणि ती सगळी माझ्या अंगाला लागली. ह्यात राग कुणावर करायचा हे मला कधी ठरवता आलं नाही, आणि आता तर करायचाही नाही.

म्हणून दिवस राहिल्यावर आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. त्या सरळ बोलत होत्या, टोमणा नव्हता. अंगात वजन जास्त असलं की साखर वाढते, रक्तदाब वाढतो, बाळ अंगानं मोठं होऊ शकतं, खांदा अडू शकतो, कळा लांबतात, आणि ऑपरेशन करावं लागलं तर जखम भरायला वेळ लागतो. "घाबरवत नाहीये. आधीपासून तयारीत राहू या, म्हणून सांगतेय. वजन उतरवायचं नाही आता, फक्त उगाच वाढवायचं नाही." मी मान हलवली. घरी येऊन आईला सांगितलं. ती त्या वेळी ताटात वाढत होती. तिचा हात हवेतच राहिला. ज्या तोंडानं डॉक्टरांनी तिला वाढवा म्हटलं होतं, त्याच तोंडानं आता तिच्या मुलीला आवरा म्हणत होते. "भरल्या गाड्याला सूप जड नाही," ती पुटपुटली, पण स्वतःलाच ते पटलं नसावं. तिनं डावातलं अर्धं पातेल्यात परत टाकलं आणि उरलेलं अर्धं मला वाढलं. तिच्या सबंध आयुष्यात तिनं माझ्या बाबतीत हात आखडला तो त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज. तिला ते किती जड गेलं असेल हे मला ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरातून बाहेरच येत नसे, मी जेवत असताना समोर बसवत नसे तिला.

पण एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती, आणि ती साखरेची नव्हती. सोनोग्राफीच्या खोलीतला तरुण डॉक्टर दर वेळी दाबून दाबून बघायचा आणि म्हणायचा, "नीट दिसत नाहीये." एकदा पाठीचा कणा नीट दिसेना, एकदा हृदयाचे कप्पे. "पुन्हा या, बाळ जरा फिरलं की दिसेल." तो चांगला होता, कारण सांगायचं टाळत होता, पण कारण आम्हा दोघांच्या मध्येच पसरलेलं होतं. इतर बायकांच्या मुलांचे काळेपांढरे फोटो असतात, नाक कुणासारखं ह्यावर भांडणं होतात. माझ्या फोटोत धुकं होतं. रात्री पोटावर हात ठेवून पडले की वाटायचं, आत कुणी तरी आहे आणि मध्ये मी आहे. आईला मूल धरायला अंग पुरलं नव्हतं, आणि माझं इतकं उरलं होतं की त्याच्याआड मूल दिसत नव्हतं. त्याला काही झालं आणि ते कळलंच नाही तर? मग ते कुणामुळे, हे सांगायला डॉक्टरांची गरज नव्हती. नवऱ्याला मी हे एकदा बोलून दाखवलं. तो काडीपैलवान; बाबांनी पहिल्या भेटीत त्याला ठेवलेलं हे नाव. तो म्हणाला, "अगं, तुझ्याआड असलेल्याला कोण हात लावणार? मी स्वतः गेली कित्येक वर्षं तुझ्याआड लपूनच जगतोय." हसवायलाच बोलला होता, आणि मी हसले, पण रात्री हात पुन्हा पोटावर गेला.

कळांच्या त्या दिवशी सकाळी पाठीत सुई द्यायला भूल देणारे डॉक्टर आले होते. ऑपरेशनची वेळ आलीच तर घाई नको म्हणून आधीच नळी घालून ठेवायची असं ठरलं होतं. मला पलंगाच्या कडेला वाकवून बसवलं आणि ते माझ्या पाठीवर बोटं फिरवू लागले. मणका सापडेना. थोडं खाली, थोडं उजवीकडे, पुन्हा वर. माझ्या ओठांवर 'माफ करा' येऊन थांबलं, कारण ती बोटं मला ओळखीची वाटली. जुना सोफा आला की मीही असंच करते. कापड, त्याखाली फोम, त्याखाली काथ्या, आणि ह्या सगळ्याच्या आत कुठे तरी लाकडाची चौकट. ती उसवण्याआधी बोटांनी शोधायची. घाई केली की खिळा भलतीकडे जातो. "सावकाश होऊ द्या डॉक्टर," मी म्हणाले, "लाकूड असतंच आत." ते थांबले, आणि मग इतके हसले की त्यांना हात काढून घ्यावे लागले. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून शोधलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हं. हे काय, आहे की." मला त्या 'आहे की'चा फार आनंद झाला. माझ्या आत हाडं आहेत ह्यावर इतक्या आपुलकीनं शिक्कामोर्तब आजवर कुणी केलं नव्हतं.

आणि आता हा सिस्टरचा हात. सकाळ सरली, खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, खाली गाड्यांच्या जागेत कुणी तरी पाइपनं मोटार धूत होतं त्याचा आवाज आला आणि थांबला, आणि तिचा हात तिथेच होता. नुसता ठेवलेला नव्हता. दाबलेला होता, तिरका, माझ्या मांसाला बाजूला सारत आत शिरलेला. कळ आली की पोट दगड व्हायचं, आणि तिचा हात त्याच्याबरोबर वर यायचा नि खाली जायचा, पण टापा सुटायच्या नाहीत. मधून मधून ती हात बदलायची, तेव्हा आधीचा हात हवेत झटकायची. दुसऱ्या सिस्टरनं येऊन चहाचं विचारलं तर म्हणाली, "नंतर. आत्ता कुठे ह्याच्याशी जमलंय माझं." मला म्हणाली, "लाथा घालतोय मला तुझा पाहुणा. चकती ठेवली की बरोबर तिथेच. आपल्या घरात कुणी कान लावलेला आवडत नाहीये त्याला." मी विचारलं, "तुम्हाला लागतं?" ती म्हणाली, "टाच आहे, चांगली कडक." ज्याला यंत्रांनी धुक्याशिवाय काही दिलं नव्हतं, त्याची टाच ह्या बाईला माहीत होती. आयुष्यभर लोकांनी माझ्या अंगाकडे पाहिलं होतं किंवा पाहणं टाळलं होतं. कंटाळा न करता, नाक न मुरडता, आतल्या माणसासाठी ते एवढा वेळ दाबून धरणारं कुणी भेटलं नव्हतं. कृतज्ञता हा शब्द मी तोवर भाषणांतच ऐकला होता.

दुपार कलली तेव्हा ते झालं. एक लांबलचक कळ आली, मी पलंगाची दांडी घट्ट धरली, माझी नाडी दाखवणारा बोटावरचा चिमटा निसटून खाली पडला, आणि टापा संथ झाल्या. बंद नाही पडल्या, संथ झाल्या. पळणारं कुणी तरी चालू लागावं तशा. यंत्रावरचा आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. यंत्र किंचाळायला लागलं. नवरा म्हणाला, "काय झालं? काय झालं?" दार उघडलं, डॉक्टरीणबाई आत आल्या, त्यांच्यामागे आणखी दोघं, कुणी तरी पलंगाचा ब्रेक पायानं सोडला. "थिएटरला कळवा." दाराच्या फटीतून मला आई दिसली. ती उभी होती, दोन्ही हात पोटाशी बांधून, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली ती संध्याकाळ होती, माझ्या भावाची. मला वाटलं, झालं. मध्ये मी होते. मीच होते मध्ये. आणि मग डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "आधी हिची नाडी—" एवढं निघतंय तोवर सिस्टरचा मोकळा हात माझ्या मनगटावर होता. खोलीत सगळे थांबले. ती यंत्राकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. "हिचीच आहे," ती म्हणाली. "बरोबर जुळतेय. मशीन आईचे ठोके ऐकतंय. बाळ सरकलं खाली." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, सोनोग्राफीचं छोटं यंत्र ओढलं आणि म्हणाल्या, "शोधा तुम्ही, मीही बघते." सिस्टरनं चकती उचलली. तिनं माझं पोट एका हातानं वर उचलून धरलं, सबंध पोट, मला स्वतःला कधी पेललं नाही ते, आणि दुसरा हात पार खाली, जांघेच्या घडीजवळ नेऊन आत दाबला. खरखर. काही नाही. जरा आत. काही नाही. मी आयुष्यात देवाकडे बारीक होऊ दे म्हणून पुष्कळदा मागितलं होतं. त्या वेळी मी काहीच मागितलं नाही, नुसती तिच्या हाताकडे बघत राहिले. आणि टापा आल्या. तशाच, घाईघाईच्या, टपटप टपटप, मजेत. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "छान. अगदी छान चाललंय. थिएटर राहू द्या." नवरा मटकन जमिनीवर बसला, त्याच्यासाठी आलेली खुर्ची शेजारीच असताना.

मग थोडा वेळ मघाचा तो संथ आवाज माझाच होता आणि मी तो बाळाचा म्हणून ऐकला होता, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं. ते यंत्र मघाशी बाळाला शोधत होतं आणि वाटेत त्याला मी सापडले होते. पुढचं सगळं भराभर झालं आणि मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डोकं खाली आल्यावर आतून तार लावली, आणि सिस्टरनं पहिल्यांदाच हात काढला. माझा एक पाय दुसऱ्या सिस्टरनं धरला आणि दुसरा काडीपैलवानाला धरायला सांगितला. "पेलेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सवय आहे," तो म्हणाला, आणि त्याचे दंड थरथरत होते. खांदा अडला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसाच, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणूनच सगळ्यांना काय करायचं ते माहीत होतं. दोघांनी माझे गुडघे माझ्या छातीपर्यंत दुमडले, कुणी तरी ओटीपोटावर दाब दिला, आणि ती सुटली. मुलगी. ओली, गरम, जड, अशी की छातीवर ठेवल्यावर माझा श्वास जरा अडला. आईला आत बोलावलं. तिनं नातीच्या मांडीला बोट लावलं, घडीत बोट रुतलं, आणि ती जोरात रडली. "भरलीय गं," ती म्हणत होती, "चांगली भरलीय." मी सिस्टरला शोधत होते. तिची पाळी केव्हाच संपली होती, आणि ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात आली, अंगावर अजून बाहेरचे कपडे, हातात डबा. उजव्या मनगटाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पाहिली आणि माझं तोंड सवयीनं उघडलं, "सिस्टर, माफ—" "पाय दाखव आधी तिचे," ती म्हणाली. मी दुपट्याचं टोक सोडलं. तिनं त्याच दुखऱ्या हाताचा तळवा मुलीच्या पावलाशी नेला, जरा थांबली, आणि मुलीनं सणकन लाथ मारली. "हीच ती," सिस्टर आनंदानं म्हणाली. "हीच. ओळखली मी." आई शेजारी उभी होती; तिनं सिस्टरचं ते मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं आणि कितीतरी वेळ धरून ठेवलं. मी म्हणाले, "तुमच्यामुळे." सिस्टर पलंगाशेजारची खुर्ची ओढायला गेली. ती खुर्ची मी आल्यापासून बघत होते. तिच्या पाठीचा जोड सुटला होता. "तिच्यावर नको," मी म्हणाले, "मागे कलेल. इथे बसा." मी पलंगावर हात थोपटला. सिस्टर बसली, गादी माझ्या बाजूला खोल होतीच, आणि ती सरळ घसरत माझ्या दंडाला येऊन टेकली. मी श्वास रोखला; ह्याच्यापुढे काय होतं ते मला बालपणापासून पाठ होतं. तिनं सावरून घेतलं नाही. चपला काढल्या, दमलेल्या माणसासारखं अंग सैल सोडलं, पाठ माझ्यावर टेकवली आणि डबा उघडायला आईकडे दिला.